अंदाजाचा एक गुण

जूनमध्ये शाळा सुरू झाली की मी सातवीच्या पालकांना एक कागद पाठवते. त्याच्या माथ्यावर लिहिलेलं असतं, 'गणित: या वर्षी आपल्या पाल्याकडून अपेक्षा'. कोथरूडमध्ये पालकांना कागद पाठवणं हे तसं धाडसाचं काम आहे. इथे लोक सोसायटीच्या जिन्यात लावलेली सूचनासुद्धा पेन हातात घेऊन वाचतात. माझा कागद तर थेट त्यांच्या मुलांच्या गुणांबद्दल असतो. तो परत येतो तेव्हा खाली पालकांची सही असते आणि सहीच्या वर, जिथे मी मुळीच जागा ठेवलेली नसते तिथे, बारीक अक्षरात सूचना असतात.

अपेक्षा साध्याच आहेत. पायऱ्या लिहा, नुसतं उत्तर नको. एकक लिहा, बारा म्हणजे बारा मीटर की बारा म्हशी ते वाचणाऱ्याला कळू द्या. समीकरण सोडवलंत तर ताळा करा, म्हणजे आलेलं उत्तर मूळ गणितात घालून पाहा. या तिन्हींवर आजवर कोणी हरकत घेतलेली नाही. सगळं भांडण चौथीवर आहे. शाब्दिक उदाहरण सोडवायला घेण्याआधी समासात अंदाज लिहा, अशी ती अपेक्षा. उत्तर साधारण दहाच्या घरात येईल, शंभराच्या की हजाराच्या, हे आकडेमोड सुरू करायच्या आधी मनाशी ठरवायचं आणि लिहायचं. त्याला एक गुण.

हा नियम मी हौसेने केलेला नाही. एका वर्षी बाप-लेकाच्या वयाचं उदाहरण घातलं होतं. एका मुलाचं उत्तर आलं: वडील एकशे चाळीस वर्षांचे, मुलगा एकशे एकोणपन्नास. त्याखाली पट्टीने दोन रेघा ओढलेल्या होत्या, उत्तराभोवती चौकट होती आणि वेळ उरला होता म्हणून चौकटीला रंगही दिलेला होता. मी त्याला बोलावून विचारलं, "अरे, हे वाचून तुला काहीच वाटलं नाही?"

तो म्हणाला, "टीचर, पायऱ्या सगळ्या आहेत."

आणि खरंच होत्या. एकही गाळलेली नव्हती. आमच्या मुलांचा हात भलता तयार असतो. निम्म्या वर्गाला शाळा सुटल्यावर एक क्लास असतो, काहींना दोन, आणि ज्यांना एकही नसतो त्यांच्या आईवडिलांकडे बाकीचे सहानुभूतीने बघतात. पेन कागदाला टेकलं की हात धावत सुटतो. माझं म्हणणं एवढंच होतं की तो सुटण्याआधी डोक्याने जरा मान वर करून आपण कुठे चाललोय ते बघावं.

पहिल्याच चाचणीत मला माझ्या भोळेपणाची किंमत कळली. समासात लिहिलेलं: 'अंदाज: ४३७.५ लिटर'. खाली उत्तर: ४३७.५ लिटर. एकाचं नाही, जवळजवळ सगळ्या वर्गाचं. मुलांनी मागच्या पानावर पेन्सिलीने गणित सोडवलं होतं, ते खोडलं होतं, आणि आलेलं उत्तर दशांश चिन्हासकट अंदाज म्हणून लिहून टाकलं होतं. मी सगळ्यांचा एकेक गुण कापला आणि प्रत्येक पेपरवर माझं नेहमीचं वाक्य लिहिलं, 'असू दे. पुढच्या वेळी नीट कर.' हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की आता ते माझ्या सहीसारखंच झालं आहे.

मग ओपन डे आला. ओपन डे म्हणजे तपासलेले पेपर पालकांना दाखवायचा दिवस. एका मुलाचे वडील समोर येऊन बसले.

"मॅडम, याचं उत्तर बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"अंदाज बरोबर आहे?"

"तंतोतंत बरोबर आहे."

"मग गुण का कापलात?"

"तंतोतंत बरोबर आहे म्हणून."

त्यांनी मांडीवरचं हेल्मेट उचलून माझ्या टेबलावर ठेवलं. हेल्मेट टेबलावर आलं म्हणजे बैठक लांबणार हे मला अनुभवाने माहीत आहे.

"म्हणजे माझ्या मुलाने थोडं चुकायला हवं होतं, असं आपलं म्हणणं आहे?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती? आपण एकदा लेखी दिलंत तर बरं होईल."

मला हसू आलं, पण ते गंभीर होते. किती चुकलं म्हणजे बरोबर धरणार याचा नेमका आकडा त्यांना हवा होता. मागे रांग लागलेली होती, म्हणून मी त्यांना वाटेला लावायला म्हटलं, "अहो, पाच-दहा इकडेतिकडे झालं तरी चालतंय." तिथेच माझं चुकलं. पुढच्या चाचणीत सगळ्या वर्गाचे अंदाज उत्तरापेक्षा बरोबर पाचने जास्त आले. क्लासवाल्यांनी सूत्रच करून दिलं होतं: उत्तर काढा, त्यात पाच मिळवा, समासात लिहा. त्या पेपरात सहलीला किती शिक्षक लागतील असं एक उदाहरण होतं. उत्तर दोन होतं. मुलांचा अंदाज सात. सहलीला सात शिक्षक राजी झालेली शाळा मी अजून पाहिलेली नाही.

मी इतक्यात हार मानणारी नव्हे. पुढच्या वर्षी मी कागदावर पाचवी अपेक्षा वाढवली. पेपर लिहून झाला की पहिल्या पानाच्या कोपऱ्यात, आपल्याला किती गुण पडतील त्याचा अंदाज लिहायचा. खऱ्या गुणांपासून दोनाच्या आत असला तर एक गुण. यात सूत्र चालायचं नाही, कारण उत्तर माझ्याकडे. मला वाटलं, आता कसे सापडलात!

सापडले नाहीत. सगळ्यांनी कोपऱ्यात चाळीसपैकी चाळीस लिहिलं. बत्तीसवाल्यानेही आणि बावीसवाल्यानेही. कारण सोपं होतं. तपासलेला पेपर सहीसाठी घरी जातो, आणि चाळीसपेक्षा कमी लिहिलेलं आईने पाहिलं तर निकालाआधीच कच खाल्लीस म्हणून बोलणी बसणार. एक आई मला म्हणाल्याही, "आम्ही तिला सकारात्मक विचार करायला शिकवतो, मॅडम." एक गुण दरवेळी हातचा जातो हे दिसत असूनही कोणी एकोणचाळीससुद्धा लिहायला तयार नव्हतं. घरी आमच्या यजमानांना हे सांगितलं तर त्यांना त्यात काही वावगं वाटेना. पण त्यांचं सोडा. कोथरूडहून विश्रांतवाडीला माझ्या माहेरी जायला किती वेळ लागेल याचं त्यांचं उत्तर लग्न झाल्यापासून पाऊण तास हेच आहे. आम्ही एकदाही पाऊण तासात पोचलेलो नाही.

तर असे हे माझे नियम. त्यांच्यामुळे शाळेत मी थोडी विनोदाचा विषय झाले होते, आणि मनातून मीही ते गुंडाळायच्या बेतात आले होते. तेवढ्यात गेल्या वर्षी, शाळा सुरू होऊन बरेच दिवस झाल्यावर, माझ्या वर्गात एक नवी मुलगी आली.

ती अकोल्याकडच्या एका गावातून आलेली. वडील हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवतात, पहाटे निघतात, दुपारी घरी येऊन झोपतात आणि परत संध्याकाळच्या फेरीला जातात. आई एका पोळीभाजी केंद्रात दुपारपासून रात्रीपर्यंत पोळ्या लाटते. आमची सकाळची शाळा सेमी इंग्रजी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. तिचं तोवरचं गणित मराठीतून झालेलं. मी तिला पहिल्या बाकावर बसवायला निघाले तर ती सरळ तिसऱ्या बाकावर, वर्गातल्या सगळ्यात बडबड्या मुलीशेजारी जाऊन बसली. स्वतः काही बोलायला लागू नये म्हणून ही जागा निवडली असणार, असा माझा अंदाज.

पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर एक उदाहरण लिहिलं. सोसायटीत साठ घरं, प्रत्येक घराला दिवसाला चारशे लिटर पाणी, एका टँकरमध्ये दहा हजार लिटर, तर रोज किती टँकर मागवावे लागतील? वर्गाने माना खाली घातल्या आणि मागची पानं उघडली. मी फिरत फिरत तिच्याजवळ गेले. तिच्या समासात आकडा नव्हताच. तिथे लिहिलं होतं, 'दोन टँकर, तिसरा अर्धा'.

मी तिथेच उभी राहिले. इतक्या वर्षांत समासात मला पहिल्यांदा खरा अंदाज दिसत होता.

मग मी खाली पाहिलं. खाली तिने साठ, चारशे आणि दहा हजार यांची सरळ बेरीज केली होती. उत्तर: दहा हजार चारशे साठ टँकर.

"अगं," मी म्हटलं, "इतके टँकर आले तर कोथरूडातून चालतसुद्धा बाहेर पडता यायचं नाही. तुझं तुला पटतंय का हे?"

ती वहीकडे बघत हळूच म्हणाली, "चुकलं ते दिसते मले, मॅडम. पन कुठं चुकलं ते नाई दिसत."

मागून कोणीतरी 'मले' म्हणून खिदळलं. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो गप्प झाला. माझं लक्ष तिच्या वाक्यात अडकलं होतं. माझ्या वर्गात चुकलं कुठे ते सांगणारी मुलं पुष्कळ आहेत, पण चुकलं आहे हे त्यांना माझी लाल खूण दिसल्यावर कळतं. ही मुलगी स्वतःच्या उत्तराकडे बघून, मी काही म्हणायच्या आत, हे काही खरं नाही असं म्हणत होती. मला तिला तिथल्या तिथे दहा गुण द्यावेसे वाटले. कागदावर तशी सोय नव्हती.

हळूहळू मला तिची अडचण कळली. फळ्यावरचं इंग्रजी तिला अर्धंमुर्धं कळायचं. 'किती जास्त' हे इंग्रजीत आलं की जास्त एवढाच शब्द ओळखीचा वाटून ती बेरीज करायची, तिथे खरं म्हणजे वजाबाकी हवी असायची. पण सोसायटी कळायची, टँकर कळायचा आणि आकडे तर कळायचेच. तेवढ्यावरून ती उत्तराचा अंदाज बांधायची आणि तो जवळपास बरोबर असायचा. मला वाटतं, नव्या शहरात आलेल्या माणसाला दिवसभर हेच करावं लागतं. ही बस कुठे जात असेल, हे लोक कशाला हसले असतील, या काकू रागावल्या आहेत की त्यांचा चेहराच तसा आहे. पुण्यात तर हा शेवटचा अंदाज बांधायला इथल्या माणसांनाही जड जातं.

मी तिला एक रीत घालून दिली. उत्तर अंदाजाच्या गावाला नसेल तर खोडायचं. प्रश्न परत वाचायचा. न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारायची आणि मला विचारायचं. यातलं खोडणं आणि रेघ मारणं तिने लगेच उचललं. विचारायचं मात्र तिने नावच घेतलं नाही. शेवटी ते काम बडबड्या मुलीने अंगावर घेतलं. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता ती हिला शब्द सांगायची आणि ही त्यांना आपली नावं द्यायची. परिमिती म्हणजे कुंपण. बाकी म्हणजे उरलंसुरलं. त्या बदल्यात बडबड्या मुलीने हिच्याकडून 'काहून' हा शब्द घेतला, आणि गणपतीपर्यंत माझा अर्धा वर्ग 'का' म्हणायचं सोडून 'काहून' म्हणायला लागला. आमची मुलगी घरी हे असलं काय बोलते, अशी माझ्याकडे रीतसर तक्रारही आली. मी म्हटलं, "अहो, प्रश्न विचारतेय ना, विचारू द्या."

एवढं सगळं छान चाललं होतं, पण गुण येत नव्हते. अंदाजाचा गुण तिला प्रत्येक उदाहरणात मिळायचा आणि बाकीचे जायचे. दुसऱ्या चाचणीनंतर मुख्याध्यापिकाबाईंनी मला खोलीत बोलावलं. शाळेचा नियम असा की सत्र परीक्षेत गणितात निम्म्यापेक्षा कमी गुण पडले तर दिवाळीनंतर मुलाला दुपारच्या मराठी तुकडीत घालायचं. मराठी तुकडीत वाईट काहीच नाही. मी स्वतः सगळं गणित मराठीत शिकले आणि माझं काही अडलं नाही. मीच बाईंना म्हणाले असते की घाला, तिला सोपं जाईल. पण त्याच आठवड्यात तिची आई मला भेटून गेली होती.

पदराला हात पुसत ती दारातच उभी राहिली होती. मी बसा म्हटलं तरी बसली नाही.

"मॅडम, दुपारची शाळा झाली तं आमाले तिले गावी मामाकडे धाडा लागते," ती म्हणाली. "संध्याकाळी घरी कोनी नसते. तिचे बाबा गाडीवर, मी पोळ्याले. एकटी पोरगी अंधारात कशी ठेवू? आता सकाळची शाळा हाये तं दुपारी बाप घरी असते, अन् फेरीले जाताना तिले माह्यापाशी केंद्रावर सोडून देते."

"तिला माहीत आहे हे?"

"तिले समदं माहीत हाये. म्हनून तं जेवत नाई नीट."

मी तिला इतकंच म्हणाले की माझ्याकडून होईल तेवढं मी करते. आणि ती गेल्यावर स्वतःवरच चिडले, कारण माझ्याकडून होण्यासारखं फार थोडं होतं. एखादा गुण इकडचा तिकडे करणं माझ्याच्याने होत नाही. तो माझा चांगुलपणा नव्हे, हट्ट आहे. पोरीने आईबापांजवळ राहावं की मामाकडे जावं हे चाळीस गुणांच्या गणिताच्या पेपरावर ठरणार होतं, आणि तो पेपर काढणारी मी आणि तपासणारीही मीच.

मुख्याध्यापिकाबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्या वाईट नाहीत, पण एकीसाठी नियम मोडला तर दुसऱ्या दिवशी दारात पालकांची रांग लागेल, असं त्यांचं म्हणणं. तेही खोटं नव्हतं. मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमचा अंदाज काय? किती पडतील तिला? आपण अंदाजवाल्या ना."

चाळीसचे निम्मे वीस. मी म्हटलं, "वीस."

सत्र परीक्षेला माझ्या वर्गावर मीच होते. मी तिच्या बाकाजवळ जायचं टाळत होते, पण डोळे तिकडेच जात होते. ती सारखी खोडत होती. बाकीच्यांचे पेपर लग्नपत्रिकेसारखे स्वच्छ, आणि हिचं पान खाडाखोडीने काळं. शेवटची घंटा व्हायच्या आत मुलं कोपऱ्यात आपापले अंदाज लिहायला लागली. मी पेपर गोळा करत तिच्यापाशी आले. तिने कोपऱ्यात लिहिलं होतं, १४.

मला फार वाईट वाटलं. टँकरचा, ट्रकमधल्या पोत्यांचा, भिंतीच्या रंगाचा, जिचा एकही अंदाज चुकला नव्हता, तिने स्वतःचे गुण चौदा लिहिले होते. म्हणजे चौदाच असणार, असं मी धरून चालले. तिने पेपर माझ्या हातात दिला आणि खाली बघत कंपासपेटी आवरायला लागली.

रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर गठ्ठा घेऊन बसले. यजमान चिवड्याचे पोहे भाजत होते आणि दर दोन मिनिटांनी मला हाक मारून पोहा चावून बघायला लावत होते. तिचा पेपर मी तळाशी सरकवून ठेवला होता. सगळे झाले, चहा झाला, आणखी एक चहा झाला, मग टाळायला काही उरलं नाही.

पहिलंच उदाहरण बागेचं होतं. साठ मीटर लांब, चाळीस मीटर रुंद, तिची परिमिती काढा. समासात अंदाज: दोनशेच्या आसपास. खाली तिने साठ गुणिले चाळीस केलं होतं आणि उत्तर आलं होतं दोन हजार चारशे. त्यावर काट मारलेली होती. मग प्रश्नपत्रिकेतून उतरवलेल्या एका इंग्रजी शब्दाखाली रेघ, आणि त्या शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात, 'कुंपण'. त्याखाली नवी मांडणी आणि उत्तर, दोनशे मीटर.

मी पुढचं पान उलटलं. तिथेही तेच. आधी चुकलेलं, अंदाजाशी न जुळलेलं, मग काट, मग परत वाचलेलं, मग बरोबर. सगळी काही बरोबर नव्हती. दोन उदाहरणं तीनदा खोडूनही तिला सुटली नव्हती आणि तिसऱ्यांदा खोडताना पेनाने कागदच फाटला होता. पण पानामागून पान ती हेच करत गेली होती. मी ज्यासाठी हा नियम केला होता, ते कोणीतरी खरोखर करताना मला पहिल्यांदा दिसत होतं.

बेरीज आली सव्वीस. मी परत केली. सव्वीस. माझा स्वतःवर विश्वास बसेना म्हणून मी पेपर यजमानांपुढे धरला. त्यांनी तेलाच्या हातानेच बेरीज केली.

"सव्वीस," ते म्हणाले. "का, कमी आहेत?"

मी पेपर परत ओढून घेतला. माझे डोळे भरून आले होते. मिरच्यांची फोडणी नुकतीच झाली होती, त्यामुळे ते खपून गेलं.

आता एक काम राहिलं होतं. कोपऱ्यातला अंदाज चौदा, खरे गुण सव्वीस. दोनाच्या आत नाही. मी लाल पेन उचललं आणि कोपऱ्यात शून्य घातलं. इतक्या आनंदाने मी आजवर कोणाचा गुण कापला नव्हता. खाली माझं नेहमीचं वाक्य लिहिलं, 'असू दे. पुढच्या वेळी नीट कर.'

दिवाळीच्या सुट्टीआधी ओपन डे झाला. हेल्मेटं टेबलावर येत होती, जात होती. अर्धा गुण मागणारे होते, पाव गुण असतो का असं विचारणारेही एक होते. तिची आई आली ती परत दारातच उभी. तिला निकाल कळलेला होता, तरी माझ्या तोंडून ऐकायचा होता.

"राहिली नं ते इथंच, मॅडम?"

"राहिली. सकाळच्याच शाळेत."

तिने तोंडाला पदर लावला. मला कोणी रडलेलं बघवत नाही, म्हणून मी उगाच पेपर सारखे करायला लागले. डोकं वर केलं तर आईच्या मागून मुलगी पुढे आली होती. सरळ माझ्या समोरच्या खुर्चीवर बसली, पेपर उलगडला आणि त्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, माहा हा एक गुण काहून कापला?"

वर्गात आल्यापासून या मुलीने मला एक शब्द विचारला नव्हता. आणि आता सव्वीस पडले आहेत, शाळा टिकली आहे, तरी ती एका गुणासाठी भांडायला बसली होती. बाई गं, मी मनात म्हटलं, तू पुणेकर झालीस. हिच्यापाशी आता फक्त हेल्मेटच कमी होतं.

"अंदाज चुकला म्हणून," मी म्हटलं. "चौदा लिहिलेस, सव्वीस पडले."

"पन मी कमी लिवले होते. जास्त लिवून कमी पडले असते तं कापा."

"कमी काय नि जास्त काय, चूक ती चूकच. दोनाच्या आत हवा. कागदावर लिहिलंय."

"अगं, चाल," आई घाबरून म्हणाली. "मॅडमशी असं बोलते का?"

ती हलली नाही. तिने जरा विचार केला. वर्गात टँकरकडे पाहायची तशी माझ्याकडे पाहत तिने विचारलं, "तुमचा अंदाज किती होता, मॅडम? माह्या गुणाचा?"

मागे रांगेतले पालकही कान देऊन ऐकत होते. या शहरात अशा वेळी कोणाचं लक्ष नसतं असं होत नाही. खोटं बोलता आलं असतं. पण समोर कोपऱ्यातला तिचा चौदा होता, आणि तो तिने खरा लिहिला होता.

"वीस," मी म्हटलं.

तिने मनातल्या मनात वजाबाकी केली. ओठ हललेले मला दिसले.

"सहाने चुकला," ती म्हणाली. "मंग तुमचाबी एक कापा नं."

रांगेतलं कोणीतरी मोठ्याने हसलं. मी हातात लाल पेन घेऊन बसले होते आणि त्या पेनाचं काय करावं ते मला कळेना. "कापते गं," मी म्हटलं, "पण कुठून कापू? माझा पेपर कुठे आहे?"

तिने टेबलभर नजर फिरवली. माझा पेपर खरंच कुठे नव्हता. मग तिने आपला पेपर घडी करून दप्तरात घातला, उठली, आणि आईच्या मागे जाता जाता माझी समजूत घालावी तशी म्हणाली, "असू द्या, मॅडम. पुढच्या टायमाले नीट करजा."

मी हो म्हटलं.